बेळगावच्या शहापुरात भाड्याने घर बघताय? आधी गल्लीची पंच कमिटी बघा

माझ्याकडे ब्लाऊज शिवायला टाकणाऱ्या बायका हल्ली एक गोष्ट हमखास विचारतात, "वैनी, तुमच्या गल्लीत एखादी खोली हाय काय भाड्याला?" खोली असली तर मी दाखवते. त्या पाणी विचारतात, डिपॉझिट विचारतात आणि जातात. गल्लीची कमिटी कशी आहे, हे आजवर एकीनंही विचारलेलं नाही. लग्न होऊन नंदगडहून मी इथं आले त्याला 17 वर्षं झाली, आणि माझं मत पक्कं आहे: शहापुरात राहायचं तर घराच्या आधी कमिटीची चौकशी करावी. आमच्या गल्लीचं नाव देत नाही, कारण पुढं काही गोष्टी लोकांच्या घरातल्या आहेत. खडेबाजारातून चालत पाच मिनिटं, एवढं पुरे.

बाहेरून आलेल्यांचा एक गोंधळ होतो. पंच कमिटी म्हणजे सरकारी वॉर्ड कमिटी नव्हे. वॉर्ड कमिटीची तरतूद 1976 च्या कर्नाटक महानगरपालिका कायद्यात आहे, नगरसेवक तिचा अध्यक्ष असतो. बेळगावात असे 58 वॉर्ड आहेत आणि एकेका वॉर्डात कितीतरी गल्ल्या. पंच कमिटी ही गल्लीनं गल्लीसाठी नेमलेली. मारुतीचं देऊळ, गणपती, मयतीची तयारी, भाऊबंदकीची भांडणं, सगळं तिच्या गळ्यात. दंड करायचा तिला अधिकार नाही, रस्ता करायला तिच्याकडं पैसा नाही. एक जाड वही, घरटी महिना 100 रुपये वर्गणी आणि देवळाचा कट्टा, एवढीच तिची मालमत्ता.

आधी वाहनांचं सांगते, कारण माझं दुकान गल्लीच्या तोंडाला आहे आणि हा त्रास मी रोज भोगलाय. शहापूरचा खडेबाजार म्हणजे साड्यांचा बाजार. लग्नसराई लागली की खानापूर, चंदगडकडनं माणसं बस्ता बांधायला येतात. एका लग्नाची 12 ते 15 माणसं, क्रूझर भरून. बाजारात गाडी लावायला जागा नाही, म्हणून ड्रायव्हर ती आमच्या गल्लीत घुसवतो, कुणाच्या तरी दारात आडवी लावतो आणि जेवायला जातो. बस्ता काही तासाभरात होत नाही. चार चार तास दार अडलेलं. एका वैशाखात आमच्या शेजारच्या आजोबांना दम्याचा झटका आला. रिक्षा आत येईना. पोरांनी त्यांना खुर्चीत बसवून उचलून गल्लीच्या तोंडापर्यंत आणलं. आजोबा वाचले. पण त्या दिवशी रिकामी खुर्ची हातात घेऊन परत येणारी पोरं मी बघितली, ती मला अजून दिसतात.

त्याच रात्री बैठक झाली. कमिटीनं "येथे वाहने लावू नयेत" असा बोर्ड रंगवून टांगला. आठ दिवसांत कळलं की त्याला कुणी जुमानत नाही. एका ड्रायव्हरनं तोंडावर विचारलं, "हा बोर्ड पोलिसांचा हाय काय?" त्याचं खरं होतं. गल्लीनं आपल्या मनानं लावलेल्या बोर्डाला कायद्याचं बळ नसतं. दंड व्हायचा असेल तर हुकूम पोलिसांचा लागतो. मग आमचे अध्यक्ष काका आणि दोन पोरं रहदारी पोलिसांकडं अर्ज घेऊन गेली. सोबत गल्लीची रुंदी तीन ठिकाणी टेप लावून मोजलेला कागद, आणि कुठल्या तारखेला किती गाड्या किती वेळ थांबल्या याची महिन्याभराची नोंद. त्यातली अर्धी नोंद मी मशीनवर बसल्या बसल्या केलेली. तीन फेऱ्या झाल्या. चौथ्यांदा साहेब स्वतः गल्ली बघायला आले, आणि आज आमच्याकडं सम-विषम तारखेचं पार्किंग आहे, एका बाजूला, पोलिसांच्या बोर्डासह.

त्याहून मोठं काम कमिटीनं कागदाशिवाय केलं. काका बाजारातल्या साडीच्या दुकानांतून एकेक करून फिरले. म्हणाले, "गिऱ्हाईक तुमचं, दारं आमची. ड्रायव्हरला तुमच्याच माणसानं मोकळी जागा दाखवावी." बहुतेकांनी ऐकलं. लग्नसराईत आता दुकानातली पोरं क्रूझरच्या पुढं चालत जाऊन गाडी मैदानाकडं वळवतात. या एका कामासाठी मी कमिटीला पाचपैकी पाच तारे देते.

हंपची गोष्टही सांगायला हवी, कारण त्यात चूक आमचीच होती. शाळेच्या वेळेत पोरं बाईक भरधाव काढतात म्हणून गल्लीतल्या काही जणांनी एका रात्रीत सिमेंटचा हंप घातला. कुणाला विचारलं नाही. तो इतका उंच आणि अरुंद झाला की रिक्षा त्यावरून आपटायची. तिसऱ्या दिवशी सात महिन्यांची एक बाई रिक्षातून जाताना पोट धरून ओरडली. तिला काही झालं नाही, पण कमिटीनं त्याच संध्याकाळी पहार मागवली आणि ज्यांनी घातला त्यांच्याकडूनच तो फोडून घेतला. गल्लीतला एक पोरगा इंजिनिअरिंग शिकतो. त्यानं सगळ्यांना समजावलं की हंप 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा असं माप आहे, रुंदी असली की गाडी चढून उतरते, आपटत नाही. पुढं अर्ज करून रीतसर हंप झाला, वर पांढरे पट्टे मारून. फोडायचा निर्णय घेताना काकांना हंप घालणाऱ्या पोरांच्या आईबापांची बोलणी खावी लागली. त्यांनी ती खाल्ली.

स्वच्छतेचं थोडक्यात सांगते. कोपऱ्यावरच्या पडक्या भिंतीला कचऱ्याचा ढीग लागायचा. कमिटीनं जागा झाडून घेतली, बायकांनी तिथं रोज रांगोळी काढायला घेतली, आणि पंधरा दिवस पहाटे साडेपाचला कुणीतरी तिथं उभं राहिलं. ढीग गेला. झाडलोट करणाऱ्या बायकांना चहा कुठल्या घरानं द्यायचा याची पाळी वहीत लिहिलेली असते आणि ती पाळली जाते. गटाराचं मात्र समाधान नाही. पावसाळ्याआधी गाळ निघतो, पण तो गटाराच्या काठावरच ठेवतात आणि पहिल्या वळवानं परत आत जातो. यंदा जूनमध्ये माझ्या उंबऱ्याला पाणी लागलं. गाळ काढला त्याच दिवशी उचलला जातो की नाही हे बघायला एक माणूस नेमा, असं मी बैठकीत दोनदा बोलले. अजून नेमलेला नाही. इथं तीन तारे.

कागदाचं काम हा आमच्या कमिटीचा खरा गुण. नंदगडला मी मराठी शाळेत शिकले. कन्नड बोलता येतं, पण सरकारी नोटीस वाचताना अजून अडखळते. माझ्या सासूबाईंना तर तेवढंही येत नाही. गल्लीत अशी घरं बरीच आहेत. रस्ता खणायची नोटीस असो, घरपट्टीची असो, कमिटीतला एक मुलगा ती देवळात मराठीत वाचून दाखवतो आणि खाली फळ्यावर चार ओळींत लिहून ठेवतो. अर्ज कन्नडमध्ये जातो, त्याची मराठी नक्कल वहीत चिकटवलेली असते, आणि पोच घेतल्याशिवाय कुणी परत येत नाही. शिक्का, तारीख, सही. आमच्या वहीत सहा वर्षांच्या पोचपावत्या आहेत. "तुमचा अर्जच आला नाही" असं एका कार्यालयात ऐकवलं तेव्हा काकांनी वही उघडून पुढं ठेवली, आणि काम त्याच आठवड्यात झालं.

आता पोलिसांचा विषय. इथं माझ्या मनात दोन्ही आहे, कौतुकही आणि रागही.

गेल्या वर्षी श्रावणात सासूबाई सकाळी देवळाला निघाल्या होत्या. बाईकवरून दोघे आले आणि मागच्यानं गळ्यातली बोरमाळ ओढली. माळ गेली, मानेवर वळ राहिला. त्या धक्क्यानं आमचं डोकं चालेना. काकांनी आधी 112 ला फोन लावला, मग स्वतः आमच्यासोबत ठाण्यात आले आणि अडीच तास बाकावर बसले. फिर्याद लिहून झाल्यावर त्यांनी ती सासूबाईंना मराठीत समजावून द्यायला लावली आणि मगच सही घेऊ दिली. एफआयआरची नक्कल फुकट मिळते, हेही मला तिथंच कळलं. ती घेतल्याशिवाय आम्ही उठलो नाही. माझे दीर मुंबईला, नवरा उद्यमबागेत पहिल्या पाळीला. त्या दिवशी घरचं माणूस म्हणून काका उभे राहिले, हे मी जन्मभर विसरणार नाही.

पण कॅमेऱ्यानं घात केला. गणपतीच्या शिल्लक वर्गणीतून गल्लीत चार कॅमेरे बसवलेत. त्यांचा रेकॉर्डर इतका लहान की सात दिवसांचं साठतं आणि वरून नवीन चढतं. चोरीच्या दिवशी तोंडाकडच्या कॅमेऱ्यातलं पोलिसांना दिलं. ते दोघे आदल्या आठवड्यात गल्लीत फिरून गेले होते असं एका पोरानं नंतर सांगितलं, पण तोवर ते दिवस पुसले गेले होते. कर्नाटकात 2017 चा सार्वजनिक सुरक्षेचा कायदा आहे. जिथं माणसांची गर्दी होते अशा दुकानं-हॉलसारख्या ठिकाणी कॅमेरे लावून 30 दिवसांचं रेकॉर्डिंग ठेवावं लागतं. गल्लीवर ती सक्ती नसेल, पण माप तेच धरावं असं मी म्हणते. रेकॉर्डरचा खर्च निघेपर्यंत मंडपाची एक कमान कमी करा. गणपती रागावणार नाही.

आणि आता राग. समोरच्या वाड्यात एक जोडपं भाड्यानं राहायचं. तो तिला मारायचा. भिंतीपलीकडचा आवाज आम्हा सगळ्यांना यायचा. ती एकदा रात्री कट्ट्यावर येऊन बसली, ओठ फुटलेला. पंचांनी नवऱ्याला बोलावलं, दम दिला, "परत हात उचलणार नाही" असं लिहून घेतलं आणि तिला घरी पाठवलं. मी म्हटलं, "काका, हे पोलिसांत जायला पाहिजे." उत्तर आलं, "घरातलं भांडण हाय वैनी, गल्लीचं नाव कशाला घालवायचं?" बैठकीत एकही बाई नव्हती. रात्री नऊची बैठक, भाकऱ्या थापायची वेळ, बाई येणार कुठून?

महिना झाला नाही तोवर त्यानं तिचं डोकं भिंतीवर आपटलं. त्या रात्री मी कुणाला विचारलं नाही. 112 लावला. गाडी आली, तिला दवाखान्यात नेलं, गुन्हा दाखल झाला. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात बायकांसाठी संरक्षण अधिकारी असतो आणि आपल्याकडं ते काम बालविकास प्रकल्प अधिकारी बघतात, ही माहिती अंगणवाडीच्या बाईंकडून मिळाली. त्याच तिला तिथं घेऊन गेल्या. ती आता माहेरी आहे, बरी आहे.

दुसऱ्या दिवशी दोन पंच दुकानात आले. "आमाला न विचारता पोलीस आणलासा." मी कात्री खाली ठेवली आणि त्यांना तो लिहून घेतलेला कागद मागितला. तो कागद तिच्या डोक्याला पडलेल्या सात टाक्यांच्या शेजारी ठेवा म्हटलं. ते काही न बोलता गेले. आठ दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही. मग काका एकटे आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "चुकलं आमचं. पोरगी माझ्या नातीच्या वयाची हाय."

त्यानंतर वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलं गेलं: बाईला किंवा पोराला मारहाण, रक्त, हत्यार, चोरी, यात पंच निवाडा करणार नाहीत. आधी 112, मग कमिटीतला एक माणूस आणि एक बाई सोबत. कमिटीत तीन बायका घेतल्या, त्यातली एक मी. बैठक रविवारी दुपारी चारला आणली. पंचांचा मान कमी झाला म्हणून एक जुने सभासद सोडून गेले. ते गेल्याचं मला वाईट वाटतं, पण पान फाडावं असं वाटत नाही.

तारे द्यायचे तर मी चार देते. मी आता स्वतः कमिटीत आहे, हे लक्षात ठेवून ते मोजा. तुम्ही खोली बघायला कुठल्याही गल्लीत जाल तेव्हा देवळात जाऊन वही बघायला मागा. शेवटची पोच कुठल्या तारखेची आहे ते बघा. बैठक किती वाजता असते आणि किती बायका असतात ते विचारा. मारहाण झाली तर काय करता, हे तर नक्की विचारा. उत्तर द्यायला कुणी रागावलं तर तिथं राहू नका.

आमच्याकडं सध्या माडीवरची एक खोली रिकामी आहे, नळ आत, संडास वेगळा. बोळाच्या वळणावरचा दिवा मात्र पंधरा दिवस बंद आहे. अर्ज दिलाय, पोच माझ्याजवळ आहे, रविवारी चारला तोच पहिला विषय.