जुनी दुनळी घेताना नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका

आमची शेती कुडाळ तालुक्यात, अगदी रानाला लागून. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरतात आणि एका रात्रीत वाफेच्या वाफे लोळवून जातात. वडिलांच्या नावावर शेतीसंरक्षणाचा परवाना होता, ठासणीच्या बंदुकीचा. त्यांच्या माघारी तो माझ्या नावावर झाला आणि त्यावर बारा बोअरच्या दुनळीची, म्हणजे दोन नळ्यांच्या बंदुकीची, नोंद मिळाली. डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी वेगळी लागते, पण राखणीला बसणाऱ्याच्या हातात धड हत्यार हवंच.

ज्याच्याकडून बंदूक घेतली तो मोठ्या शहरातला परवानाधारक विक्रेता. दुकान जुनं, बिल पक्कं, नोंदी चोख. परवानाधारक वारला की वारसांना बंदूक पोलीस ठाण्यात किंवा अशा विक्रेत्याकडे जमा करावी लागते, त्यामुळे इंग्रजी बनावटीच्या जुन्या बंदुका त्यांच्याकडे येत राहतात. माझ्या व्यवहारातला एकही कागद खोटा नव्हता. खोट होती ती लोखंडात.

दुकानदाराने बंदूक बिजागरातून उघडली, नळ्या उतरवून उलट्या केल्या आणि खालचे शिक्के दाखवले. मुकुट, त्याखाली बीएनपी ही अक्षरं (बर्मिंगहॅम नायट्रो प्रूफ, म्हणजे बिनधुराच्या दारूसाठी तपासल्याची खूण), बाजूला नळीचा आतला व्यास .७२९ आणि काडतुसाच्या कोठ्याची लांबी २½ इंच. "मालक, इंग्लंडच्या प्रूफ हाउसचा शिक्का आहे. याच्यावर आणखी कसली गॅरंटी पाहिजे तुम्हाला?" नळ्यांना नवंकोरं काळं ब्लूइंग (गंज धरू नये म्हणून देतात तो थर), आत चकचकीत पॉलिश, लाकडाला ताजं तेल. बिलावर त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं, "उत्तम स्थितीत, नायट्रो प्रूफ". वर ७० मिलिमीटरच्या काडतुसांचा एक डबाही दिला.

ते शिक्के अस्सल होते, आणि फसवणूक नेमकी तिथेच आहे. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ पासून चालू आहे. तिथे नळीत नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार उडवून पाहतात, नळी टिकली तरच शिक्का बसतो. बीएनपी हा शिक्का १९५४ पासूनचा. पण तो त्या दिवशीच्या नळीचा दाखला असतो. पुढे तीच नळी कोणी आतून घासली, तर शिक्का जागच्या जागी राहतो आणि पोलाद निघून गेलेलं असतं.

पहिला बार उडवण्याआधी बंदूक मी कोल्हापूरकडच्या एका वयस्कर कारागिराकडे नेली. त्यांनी आधी नळ्या बिजागराला अडकवणाऱ्या खालच्या आकड्यात दोरी अडकवून त्या हवेत लोंबत्या धरल्या आणि बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारली. चांगल्या दुनळीचा नाद खणखणीत येतो आणि लांबत जातो. माझ्या नळ्या चिरलेल्या मडक्यासारख्या बद्द वाजल्या. दोन नळ्यांमधल्या पट्टीचं डाखकाम सुटलं होतं आणि वरून काळा रंग भरून ते झाकलं होतं. मग त्यांनी मापाचं यंत्र मागच्या तोंडापासून नऊ इंच आत घातलं. शिक्का सांगतो .७२९ इंच, म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर. डावी नळी भरली .७४५. गंजाने पडलेले खड्डे घालवायला आतून सपाटून घासलं होतं, म्हणून ती चकाकी. मधल्या भागात नळीची भिंत इतकी पातळ झाली होती, की "यात बार भरू नका, डावा हात जिथे धरता तिथेच फुटेल," एवढंच ते म्हणाले.

बिजागराचीही तीच तऱ्हा. पुढचं लाकूड लावलेलं असताना बंदूक घट्ट वाटायची. ते काढून नळ्या हलवल्या तर खुळखुळाट. सैल झालेला आकडा ठोकून फुगवून तेवढ्यापुरता बसवला होता. लाकूड काढून हलवून बघणं दुकानातल्या दुकानात होतं, दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि कुठलाही प्रामाणिक विक्रेता त्याला नाही म्हणत नाही.

काडतुसांचं मात्र नीट समजून घ्या, कारण तिथे जीव जाऊ शकतो. २½ इंच म्हणजे ६५ मिलिमीटरचा कोठा. ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात बिनदिक्कत बसतं, कारण न उडवलेल्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं. बार उडाला की ते तोंड उलगडतं, कोठ्याच्या पुढच्या निमुळत्या भागात शिरतं आणि वाट अरुंद करून दाब वाढवतं. धडधाकट बंदुकीलाही हे सोसेलच असं नाही. घासून पातळ केलेल्या नळीसोबत तो डबा हातात ठेवणाऱ्या माणसाला शिक्के वाचता येत होते. ते दाखवूनच तर त्याने माल विकला. याला मी नजरचूक म्हणणार नाही.

नंबरही तपासा. नळीवरचा, मधल्या लोखंडी भागावरचा आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडावरचा नंबर एकच हवा, आणि परवान्यावर तोच चढायला हवा. माझे जुळत होते. पण नंबर खोडलेली बंदूक ज्याच्या ताब्यात सापडते त्यानेच तो खोडला, असं शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ८ धरून चालतं. तसं नाही हे सिद्ध करण्याचा भार आपल्यावर येतो. खाजगी परवानाधारकाकडून घेत असाल, तर विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस उलटल्याशिवाय व्यवहार होत नाही. "आधी घेऊन जा, कागद मागाहून करू" असं कोणी म्हटलं तर तिथून उठा.

आता या बंदुकीचं करायचं काय? दुरुस्तीबद्दल कारागिरांनी स्वच्छ सांगितलं की पट्टी पुन्हा डाखता येईल, बिजागरही बसवता येईल, पण गेलेलं पोलाद परत येत नाही. भावकीतले काही म्हणाले, दिवाणखान्यात टांगून ठेव. टांगली तरी ती परवान्यावरची बंदूकच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात, त्यातली एक जागा ही निकामी वस्तू अडवणार आणि निवडणूक आली की जमा करायला घेऊन फिरायचं ते वेगळंच. "जशी घेतलीस तशी देऊन टाक कुणाला तरी," असंही एकाने सुचवलं. ते माझ्याच्याने होणार नाही. घेणारा आपल्यासारखाच कुणी राखणीला बसणारा असेल, आणि डावा हात त्याचा असेल.

म्हणून ती दुसऱ्या परवानाधारक विक्रेत्याकडे सुरक्षित ठेवीत दिली, पावती घेतली आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. २०१९ च्या ग्राहक कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेत्याच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची. सोबत कारागिरांच्या सहीचं मापांचं पत्र, उघड्या बंदुकीचे फोटो आणि ते बिल जोडलं. "उत्तम स्थितीत, नायट्रो प्रूफ" या तीन-चार शब्दांवर सगळी तक्रार उभी आहे, तेव्हा बंदुकीची स्थिती बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे मोजू नका.

नोटीस गेल्यावर दुकानदाराचा फोन आला. तक्रार मागे घ्या, अर्ध्या पैशांत बंदूक परत घेतो. मी विचारलं, "परत घेऊन काय करणार?" तो म्हणाला, "ते आमचं आम्ही बघू." मी नकार दिला. पूर्ण पैसे हवेतच, पण त्याबरोबर ही बंदूक बार उडवण्याजोगी नाही अशी लेखी नोंद तिच्या नंबरासह व्हावी आणि ती पुन्हा विक्रीला जाऊ नये, हेही तक्रारीत मागितलं आहे.