सीरम-फ्री मीडियम: पेशी भरपूर, स्टेम सेल्स मोजक्या

तीन स्टार देतेय, तेही जरा सढळ हाताने. रक्ताच्या स्टेम सेल्स (ज्यांच्यापासून सगळ्या रक्तपेशी बनतात त्या) वाढवायला हे रेडीमेड मीडियम, म्हणजे सीरम न घातलेलं पेशींचं पोषक द्रव, घेतलं, एससीएफ, टीपीओ, फ्लिट३ लिगँड हे सायटोकाईन (पेशींना वाढीचा इशारा देणारी प्रथिनं) आपले आपण घालायचे, आणि पहिल्या आठवड्यात मी जाम खुश होते कारण प्लेट नुसती गच्च भरलेली. मग फ्लो सायटोमेट्री लावली (पेशींवरच्या खुणा मोजायची पद्धत). सीडी३४ ही खूण असलेल्या ढीगभर, पण सोबत खऱ्या स्टेम सेल्सच्या खुणा सीडी९० आणि ईपीसीआर दाखवणाऱ्या अगदी मोजक्या, म्हणजे वाढले ते बहुतेक प्रोजेनिटर (स्टेम सेल्सच्या पुढच्या टप्प्यातल्या पेशी) आणि खऱ्या स्टेम सेल्स कधीच डिफरन्शिएट होऊन, म्हणजे पुढच्या पेशी बनून, गेलेल्या. आणि हो, सीडी३८ ही खूण ताज्या स्टेम सेल्सवर कमी किंवा नसते, पण कल्चरमधे ती बाकीच्यांवरूनही आपोआप उतरते, त्यामुळे सीडी३४ पॉझिटिव्ह सीडी३८ निगेटिव्ह बघून नाचू नका, मी नाचले होते.

सगळा दोष बाटलीचा नाहीये. बोन मॅरोमधे ऑक्सिजन कमी, आणि आपण ठेवतो साध्या इन्क्युबेटरमधे, जवळपास हवेइतक्या ऑक्सिजनात. मी ५ टक्क्यांवर नेलं, मीडियम लवकर लवकर बदललं (दाटी झाली की तयार झालेल्या पेशी जे काही सोडतात त्यानेही स्टेम सेल्स बिघडतात), तेव्हा चित्र जरा सुधारलं. यूएम१७१ (स्टेम सेल्स वाढवायला वापरतात तो छोटा रेणू) घातल्यावर अजून थोडं.

पण लॉटचं, म्हणजे एका खेपेत बनलेल्या मालाचं, काय करायचं?? दुसऱ्या लॉटची बाटली उघडली, बाकी सगळं तेच, आणि पेशींची वाढ हळूच रखडली. माझा संशय मीडियममधल्या अल्ब्युमिन या प्रथिनावर, कारण त्याच्यासोबत काय काय चिकटून येतं ते लॉटगणिक बदलतं. २०१९ मधे उंदरांच्या पेशींसाठी अल्ब्युमिन काढून चक्क पॉलिव्हिनाईल अल्कोहोल वापरलं, गोंदात असतं तेच, आणि २८ दिवसांत कामाच्या स्टेम सेल्स २३६ ते ८९९ पट झाल्या. माणसाच्या पेशींना ती रेसिपी तशीच्या तशी नाही चालत, त्यांच्यासाठी २०२३ मधे वेगळा पॉलिमर आणि सायटोकाईनऐवजी छोटे रेणू असलेली पद्धत आली. मग या बाटलीत अजून अल्ब्युमिन कशाला, असं कंपनीला विचारलं तर उत्तर काय, "लॉट स्पेसिफिकेशनमधे आहे".

कॉलनी अ‍ॅसे (एकेका पेशीपासून किती वसाहती वाढतात ते मोजणं) करायचेत, प्रोजेनिटर हवेत, तर बिनधास्त घ्या. उंदरात ट्रान्सप्लांट करून १६ आठवड्यांनी एन्ग्राफ्टमेंट (पेशी रुजल्या का ते) बघणार असाल तर आधी सॅम्पल मागवा, आणि तो लॉट पटला तर लगेच त्याच लॉटच्या सगळ्या बाटल्या बुक करून टाका.