प्रॉक-लॉग काही महिने वापरल्यावर: सगळं आवडलं, मेसेजमध्ये पॅकेजचं नाव नसणं सोडून

प्रॉक-लॉग म्हणजे एनपीएमच्या (नोडच्या पॅकेज व्यवस्थेच्या) पॅकेजेसचे लॉग मेसेज इव्हेंट म्हणून पाठवणारं छोटं पॅकेज. परवा सर्व्हरची डिस्क भरली आणि आमचं इन्स्टॉल टूल पॅकेज उतरवतानाच मधे पडलं. एररच्या ट्रेसमध्ये नाव एनपीएम-रजिस्ट्री-फेचचं (रजिस्ट्रीकडे विनंत्या पाठवणारं पॅकेज), पण त्याचा काडीचाही दोष नव्हता. नोडमध्ये इव्हेंट सिंक्रोनस सुटतो, म्हणजे लिसनरचं (इव्हेंट ऐकणाऱ्या कोडचं) काम होईपर्यंत पाठवणारा थांबतो; त्यामुळे लॉग फाइलमध्ये लिहिणाऱ्या आमच्या लिसनरने फेकलेली एरर थेट मेसेज पाठवणाऱ्या पॅकेजच्या अंगावर येते. लिसनरला ट्राय-कॅच लावलं, विषय मिटला. त्या निमित्ताने हे लिहितोय.

सुरुवातीला प्रॉक-लॉगचा रागच यायचा. पॅकोट (एनपीएम पॅकेज उतरवणारी लायब्ररी) चालवलं की स्क्रीन कोरी! प्रॉक-लॉग स्वतः काहीच छापत नाही, प्रोसेसवर 'लॉग' इव्हेंट सोडतं. ऐकणारं कोणी नसेल तर मेसेज गेला. आता मत पार बदललंय. लायब्ररीने माझ्या टर्मिनलवर लिहावंच का? एनपीएमलॉग या जुन्या लॉगिंग पॅकेजच्या दोन प्रती नोड मॉड्यूल्समध्ये आल्या की एकीला लावलेली लेव्हल (कोणत्या पातळीपर्यंतचे मेसेज दाखवायचे ते) दुसरीला कळायची नाही. इथे प्रोसेस एकच, प्रती कितीही असोत. (वर्कर थ्रेडमध्ये मात्र लिसनर वेगळा लावावा लागतो.) आमची लॉग सेवा जीबीमागे पैसे घेते. 'सिली' आणि 'व्हर्बोज' या सगळ्यात बारीक तपशिलाच्या लेव्हलचे मेसेज लिसनरमध्येच अडवले, बिल खाली आलं. 'एचटीटीपी' लेव्हल मात्र काढू नका. यूआरएल, स्टेटस, मिलीसेकंद, कितवा प्रयत्न, कॅशमधून आलं का, सगळं एका ओळीत मिळतं. क्लायंटचा प्रॉक्सी अडखळतोय हे आम्हाला त्याच ओळींनी दाखवलं.

पण नाव! इव्हेंटमध्ये आधी लेव्हल येते, मग आर्ग्युमेंट्स. मेसेज कोणत्या पॅकेजचा, हे सांगायला जागाच नाही. पहिलं आर्ग्युमेंट शीर्षकासारखं द्यायची पद्धत आहे, सक्ती नाही. 'फेच' आलं, तर कोणाचं फेच? पायथनमध्ये लॉगरला मॉड्यूलचं नाव देतात आणि त्या नावावर लेव्हल लावता येते. नोडच्याच डायग्नोस्टिक्स चॅनल या मेसेज पाठवण्याच्या सोयीत प्रत्येक चॅनलला नाव असतं. इथे एका बडबड्या पॅकेजला गप्प करायचं तर मजकूर चाळावा लागतो, आणि पुढच्या आवृत्तीत तो मजकूर बदलला की फिल्टर फुकट. आमच्या पॅकेजेसमध्ये पहिलं आर्ग्युमेंट म्हणजे पॅकेजचं नाव, असा नियम केलाय. बाहेरच्या पॅकेजेसना कोण सांगणार?

तरी सोडणार नाही. प्रॉक-लॉगच्या चौथ्या आवृत्तीत एक्स्पोर्ट बदलले, तेव्हा आमच्या पॅकेजेसमधली ते आत आणणारी रिक्वायरची ओळ तेवढी बदलावी लागली. लिसनरला हात लावावा लागला नाही.