चकमक की इनलाइन? पेनसिल्व्हेनियात पहिली ठासणीची बंदूक घेताना

कुडाळकडच्या आमच्या घरी रानडुकरांपासून भात राखायला परवान्याची ठासणीची बंदूक होती. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी, मग गजाने ठासायचं, हे लहानपणापासून बघितलेलं. पेनसिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीला जाऊ लागलो तेव्हा नवं वाटलं ते एकच: ठासणीवाल्यांचे तिथे दोन तट आहेत, एक गारगोटीच्या ठिणगीवर चालणाऱ्या जुन्या चकमकीच्या बंदुकीचा, दुसरा टोपीवर पेटणाऱ्या आधुनिक ‘इनलाइन’ ठासणीच्या बंदुकीचा, आणि ते एकमेकांना शिकारी मानायलाच तयार नसतात.

आधी हंगाम बघा, निम्मा निर्णय तिथेच होतो. नाताळनंतरचा हंगाम तिथे 1974 पासून फक्त चकमकीच्या बंदुकीचा आहे. इनलाइन चालतच नाही. ऑक्टोबरात बिनशिंगी हरणांचा जो छोटा हंगाम असतो त्यात इनलाइन चालते. कोलोरॅडोत इनलाइन चालते, पण तिच्यावर दुर्बीण नको आणि दारूच्या तयार वड्याही नकोत, दारू सुटीच हवी. दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर तिथलं चालू वर्षाचं नियमपुस्तक वाचूनच पैसे मोजा.

चकमकीच्या बंदुकीत घोडा पडला की गारगोटी पोलादावर घासते, ठिणग्या रंजकावर, म्हणजे बाहेरच्या खोलगट पाळीतल्या चिमूटभर दारूवर, पडतात, आणि तो जाळ कानातून, म्हणजे नळीच्या बारीक छिद्रातून, नळीतल्या दारूपर्यंत जातो. या सगळ्यात क्षणभर जातो, आणि त्या क्षणात नेम हलवायचा नाही. डोळ्यांसमोर भपका झाला की नवखा माणूस दचकतोच. एका जानेवारीत भुरभुर पावसात चाळीस पावलांवर हरणी उभी होती. मी चाप ओढला, नुसती ‘खट्’. रंजकाचा काळा चिखल झाला होता. हरणीने कान वळवले आणि ती निघून गेली. शेजारच्या म्हाताऱ्या शिकाऱ्याने मग घोड्याभोवती बांधायचं तेलकट चामड्याचं झाकण दिलं. त्याला तिकडे ‘गायीचा गुडघा’ म्हणतात. तेव्हापासून ते माझ्या खिशात असतं.

इनलाइनमध्ये ही धाकधूक कमी. पेटवणारी टोपी थेट दारूच्या मागे, सरळ रेषेत बसते आणि पावसापासून बरीच झाकलेली असते. दुर्बीण लावून नेमबाज माणूस दीडशे-दोनशे यार्डांवर भरवशाने मारतो. चकमकीच्या बंदुकीतून कापडात गुंडाळलेली शिशाची गोळी मारायची तर मी साठ-सत्तर यार्डांपुढे जात नाही. धुण्याचं काम मात्र दोन्हीकडे आहे. काळ्या दारूची काजळी नळी खाते, म्हणून त्याच रात्री गरम साबणाच्या पाण्याने धुवायची. आणि आधुनिक काडतुसातली बिनधुराची दारू यांच्या नळीत कधीही घालू नका, नळी फुटते.

आता वैराचं. 1985 मध्ये मिसूरीच्या टोनी नाइटने एमके-85 नावाची इनलाइन बंदूक बाजारात आणली आणि इनलाइन घरोघरी गेली. जुन्या मंडळींचा राग मला समजतो: एकच बार, तोही बेभरवशाचा, म्हणून वेगळा हंगाम मिळाला, सोय वाढवत नेली तर वेगळा हंगाम कशाला? इनलाइनवाल्यांचं म्हणणंही खोटं नाही. पन्नाशीनंतर नळीवरची नेम धरायची उघडी माशी धूसर दिसते, आणि जनावर तडफडू नये ही जबाबदारी शिकाऱ्याचीच. शिवाय ‘पारंपरिक’ची रेघ सरकतच आली आहे. 1970 पासून विकली गेलेली थॉम्पसन सेंटर कंपनीची ‘हॉकिन’ बंदूक अनेकांनी परंपरा म्हणून घेतली. तिच्यात वेटोळ्याची स्प्रिंग होती, सेंट लुईसच्या हॉकिन बंधूंच्या मूळ बंदुकीत ती नव्हती. म्हणून माझं ठाम मत: कोणती बंदूक चालावी हा वाद राज्याच्या नियमांशी घाला, समोरच्या माणसाशी नको. नियमात राहून, आपल्या टप्प्यात एकच नेमका बार टाकणारा माणूस शिकारीच आहे.

वर्षातून दोनच शनिवार-रविवार मिळत असतील तर इनलाइन घ्या. सरावाविना चकमक हातात घेऊन हरीण जखमी करण्यापेक्षा ते शंभरदा बरं. पण उन्हाळाभर सराव करायची तयारी असेल, तर चकमकच घ्या. अठराव्या शतकात लँकेस्टरच्या जर्मन कारागिरांनी घडवलेल्या लांब नळीच्या बंदुकांचा हा मुलूख आहे; तिथल्या बर्फात तसलीच बंदूक खांद्यावर घेऊन चालण्याचं सुख इनलाइन देत नाही. घरी गारगोटीच्या जागी लाकडाचा तुकडा बसवून, दारू न भरता, रोज वीसदा चाप ओढा. घोडा पडल्यावरही माशी जागची हलत नाही असं झालं, की मग दारू विकत आणा.