गिल्मोरचा 'लक अँड स्ट्रेंज': वर्षभराहून जास्त ऐकल्यावर

पिंक फ्लॉइड या रॉक बँडचा गिटारवादक आणि गायक डेव्हिड गिल्मोरचा हा सोलो अल्बम सप्टेंबर २०२४ मध्ये आला, आधीच्या 'रॅटल दॅट लॉक' या अल्बमनंतर नऊ वर्षांनी. नव्याची नवलाई सरली, म्हणून आता लिहितोय.

'द पायपर्स कॉल' हे पहिलं सिंगल. तेव्हा दिवसरात्र तेच वाजायचं, आता बहुतेक वेळा पुढे ढकलतो. कान देऊन ऐकावं असं त्यात फारसं उरलं नाही.

शीर्षकगीताचं मात्र उलट झालं. त्यातला कीबोर्ड फ्लॉइडमधला त्याचा जुना साथी रिचर्ड राइटचा आहे, २००७ मध्ये गिल्मोरच्या कोठारात झालेल्या जॅममधला, म्हणजे ठरवून न घेता सहज एकत्र वाजवलेल्या मैफलीतला. राइट २००८ मध्ये गेला. बोनस म्हणून तो जवळपास चौदा मिनिटांचा जॅमही दिलाय. तो आधी ऐका आणि मग गाणं लावा. मित्राच्या सुरांना धक्का लागू नये म्हणून गिटार किती जपून वाजवलीय ते कळतं.

हा आवरतेपणाच मला अल्बमभर आवडत गेला. निर्माता चार्ली अँड्र्यूने म्हणे विचारलंच होतं, की प्रत्येक गाण्यात गिटारचा सोलो कशाला? 'बिटवीन टू पॉइंट्स' मुलगी रोमनी गाते, बाप गिटारपुरता. रॉक म्हटलं की "आवाज कमी कर" म्हणणारी आमची आई हे एक गाणं चालू देते.

नाशिकच्या कॉलेज रोडवर गिटार क्लासला जाणाऱ्या, आवाज बदलणारी पेडलमागून पेडल घेणाऱ्या पोरांसाठी एक गोष्ट. गिल्मोरची प्रसिद्ध काळी स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार) २०१९ मध्ये लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली, पैसे पर्यावरणाच्या कामाला दिले. या अल्बमात ती नाही, तरी तार खेचून मींडेसारखा वर नेलेला स्वर दोन सेकंदांत ओळखू येतो.

गाडीत ऐकायला हा अल्बम वाया जातो. सिंहस्थाच्या कामांसाठी खणलेल्या नाशिकच्या रस्त्यांवर 'स्कॅटर्ड'च्या सुरुवातीचे हृदयाचे ठोके ऐकू येणं शक्यच नाही. रात्री, हेडफोन लावून.

दौरा रोम, लंडन, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कपुरताच. मुंबईत आला असता तर कसारा घाट उतरायला आम्ही एका पायावर तयार होतो. आपल्या वाट्याला ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेला लाइव्ह संच. 'स्कॅटर्ड' त्यातलं ऐका. स्टुडिओत हात राखून वाजवलेलं इथे मोकळं सुटतं, अठ्ठ्याहत्तरीतला माणूस वाजवतोय हे विसरायला होतं. फ्लॉइडचं 'द ग्रेट गिग इन द स्काय' पियानोभोवती जमलेल्या बायकांच्या आवाजांत आहे. ओरडा कमी, गोडवा जास्त. मूळ गाण्याच्या भक्तांना रुचेलच असं नाही, मला रुचलं. शेवटी फ्लॉइडचंच 'कम्फर्टेबली नम्ब' ठरलेलंच. तिकीट काढणाऱ्यांचा तो हक्क असेल, पण घरी ऐकताना मी 'स्कॅटर्ड'वर थांबतो.

स्टुडिओ अल्बमला पाचपैकी चार, लाइव्हला साडेतीन. फ्लॉइडची दोनतीन गाणी कमी असती तर अर्धा वाढवला असता.