मिनी पीसी ९ महिने वापरला: रॅम, एसएसडी, पैसे आणि तो एक स्क्रू

खरं तर हे मी दिवाळीतच लिहिणार होतो आणि तेव्हा लिहिलं असतं तर नुसतं कौतुक लिहिलं असतं. पण एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी शटर वर केलं, मशीन चालू केलं, तर काळ्या स्क्रीनवर पांढरी ओळ, बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणून. २०२६ मध्ये १७ मेपासून धोंड्याचा महिना, त्यामुळं सगळ्या तालुक्याला त्याच्या आत लग्नं उरकायची घाई, माझ्याकडं ५ अल्बम अर्धवट, त्यातला एक तर पोरीच्या सासरी न्यायचा म्हणून बाप रोज संध्याकाळी येऊन बसायचा, आणि इकडं सी ड्राइव्हच गायब. पोटात गोळा आला.

आमचा सेलूला फोटो स्टुडिओ आहे. ८ बाय १२ चं दुकान, अर्ध्यात पडदा अन् लाईटी, उरलेल्यात मी, प्रिंटर आणि कॉम्प्युटर. जुना टॉवर इंटेलच्या चौथ्या जनरेशनच्या आय-५ प्रोसेसरचा होता, दहा वर्षं ओढला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा लागतो, म्हणून बदलणं भागच होतं. आणि परत टॉवर घ्यायचा नव्हता, जागेमुळं नाही, लाईटीमुळं. आमच्याकडं लाईट कधी जाईल नेम नाही अन् ६०० व्हीएच्या यूपीएसवर जुना टॉवर फाईल सेव्ह होईपर्यंत तग धरायचा, कधी तेवढाही नाही. हा डबा, म्हणजे मिनी पीसी, त्याच यूपीएसवर मॉनिटरसकट वीस-पंचवीस मिनिटं काढतो. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्याला पैकीच्या पैकी मार्क द्यायला तयार होतो.

ऑगस्टमध्ये संभाजीनगरहून आणला. बेअरबोन, म्हणजे रॅम (चालू कामाला लागणारी मेमरी) अन् एसएसडी (फायली साठवायची डिस्क) आपली आपण टाकायची. प्रोसेसर रायझन ७, ७७३५एचएस, नुसत्या डब्याचे २८,५००. मेव्हणा म्हणत होता ॲपलचा मॅक मिनी घ्या भाऊजी, आयुष्यभराचं काम होईल. बघितला की. एम४ वाला, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेज ५९,९०० ला. पण २५६ चं ५१२ करायचं म्हणलं की किंमत ७९,९००. म्हणजे २५६ जीबी वाढवायला २०,००० रुपये! तेवढ्यात मी तेव्हा १ टीबीच्या ३ एसएसडी घेऊन वर सगळ्या दुकानाला चहा पाजला असता. आणि रॅम पुढं कधीच वाढवता येत नाही, घेताना जी घेतली ती घेतली. मशीन वाईट नाही, आवाज नाही काही नाही, पण माझं मराठी टायपिंगचं श्रीलिपी सॉफ्टवेअर विंडोजवरचं, पत्रिका-बॅनरच्या जुन्या फायली सगळ्या त्याच फॉन्टात. तो विषय तिथंच संपला.

आता माझी चूक. दुकानातला पोरगा म्हणाला, "दादा, १६ च्या दोन टाका, ३२ होतील, ड्युअल चॅनल चालंल." ड्युअल चॅनल म्हणजे दोन काड्या जोडीनं चालतात अन् वेग वाढतो. १६ ची एक काडी ४,२०० ला. मी म्हणलं एकच दे, दुसरा स्लॉट रिकामा राहू दे, दिवाळीनंतर बघू, रॅम काय दिवसेंदिवस स्वस्तच होत जाते. एसएसडीचंही तेच. १ टीबी ५,२०० ला होती, मी ३,००० ची ५१२ जीबीची घेतली. दोन्ही दुकानदारानंच बसवून दिलं. वाचलेल्या पैशात दुकानाला भिंतीवरचा पंखा घेतला. तो पंखा मात्र झकास चालतो, त्याबद्दल तक्रार नाही.

ज्यांना १६ पुरते का ३२ लागते असा प्रश्न पडतो त्यांना माझ्या कामाचं गणित सांगतो. १२ बाय ३६ इंची अल्बमची शीट ३०० डीपीआयला उघडली की १०,८०० बाय ३,६०० पिक्सेल होते. नुसती पांढरी, कोरी, काही न टाकता, फोटोशॉप खाली कोपऱ्यात १११.२ एमबी दाखवतं. आता तिच्यात बॅकग्राउंड, नवरा-नवरी, फुलांचं पीएनजी, सावली, वरून ग्रेडियंट, असे १५-२० लेअर. वर फोटोशॉप मागच्या ५० स्टेप लक्षात ठेवतं. अशा ३ शीटा एकदम उघड्या ठेवल्या, क्रोममध्ये व्हॉट्सअॅप वेब चालू (गिऱ्हाईक फोटो तिथंच पाठवतं), झालं, १६ जीबी गेली. त्यातलीही थोडी ग्राफिक्स आधीच खाऊन बसलेलं असतं, कारण ह्या डब्यांना वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं, ते आपल्याच ताटात जेवतं.

आणि रॅम संपली की फोटोशॉप थांबत नाही, ते एसएसडीवर लिहायला लागतं, त्याला स्क्रॅच डिस्क म्हणतात. तिथं माझी दुसरी काटकसर आडवी आली. ५१२ ची विंडोजला दिसते ४७६. त्यात विंडोज, सॉफ्टवेअर, चालू लग्नाचे रॉ (कॅमेऱ्यातले मूळ) फोटो, एखाद्या लग्नाचा फोर-के व्हिडिओ (१०० एमबीपीएसला शूट केला तर तासाला ४५ जीबी), की उरले ३० जीबी. मग ऐन कामात स्क्रीनवर सूचनेची डबी यायची, स्क्रॅच डिस्क भरली म्हणून. म्हणजे रॅमची कंजुषी एसएसडीनं भरून काढायची अन् एसएसडीतही कंजुषी केलेली. हे दोन आकडे वेगवेगळे धरून विचार करायचाच नसतो हे मला डिसेंबरमध्ये कळलं.

डिसेंबरमध्येच रॅमची दुसरी काडी घ्यायची म्हणून फोन केला तर भाव ऐकून मी म्हणलं चुकीचा नंबर लागला का काय. सगळ्या कंपन्यांनी माल एआयच्या सर्व्हरकडं वळवलेला. मायक्रॉननं तर त्याच महिन्यात जाहीर केलं की क्रुशियलच्या नावानं आपल्यासारख्यांना रॅम-एसएसडी विकायचंच बंद. जानेवारीत मेव्हण्याला सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरला, कॉम्प्युटरच्या बाजारात, पाठवला, म्हणलं हैदराबादला तरी स्वस्त असंल, रात्रीच्या अजिंठा एक्स्प्रेसनं जाऊन आणू. त्यानं तिथूनच फोन केला, १३,५००, आणि तेही उद्यापर्यंतच म्हणतोय दुकानवाला. ४,२०० ची काडी! सोन्याचं ऐकलं होतं, रॅमचं असं होईल हे कोण सांगणार होतं. तो रिकामा स्लॉट आठवला की अजून जीव जळतो.

बरं, आता मूळ भांडण.

ड्राइव्ह दिसेना म्हणून दुकानात फोन लावला. "एसएसडी गेली असंल, पाठवून द्या, वॉरंटीत बदलून मिळंल." अन् डेटा? "डेटाचं कोणी घेत नसतं दादा." डब्याच्या कंपनीच्या टोल फ्रीवर पाऊण तास गाणं ऐकलं, मग बाई म्हणाली सर, बेअरबोनमध्ये स्टोरेज आमचं येत नाही. डेटा काढून देणारा एक जण गाठला, तो म्हणाला १२,००० पासून पुढं, बघण्याचे २,००० आधी. कार्डांवरचे रॉ फोटो होते माझ्याकडं, एक्स्टर्नलवर कॉपीही होती, पण ५ अल्बमच्या पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या फायली? त्या फक्त सीवर. हे मी दुसऱ्याला दहादा शिकवलेलं, बॅकअप घ्या म्हणून.

स्वतः का नाही उघडला विचाराल, तर दुकानदारानं खालच्या स्क्रूवर कागदी स्टिकर चिकटवलेलं, फाटलं तर वॉरंटी गेली. ज्या डब्यात रॅम आपणच टाकायची तो डबा उघडला की वॉरंटी जाते, ही कुठली रीत? पण तेव्हा डोकं चालत नव्हतं. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी समोरच्या मोबाईल रिपेअरिंगवाल्या पोराकडं गेलो, म्हणलं बाबा तू तरी बघ. त्यानं काउंटरवर कापड अंथरलं, चार स्क्रू काढले, झाकण उचललं अन् हसायलाच लागला.

एसएसडी उभी होती. म्हणजे आडवी बसलेली असायला पाहिजे ती पट्टी एका बाजूनं वर उचललेली, दार अर्धवट उघडं राहावं तशी. ह्या एम.२ च्या पट्ट्या स्लॉटमध्ये तिरप्या घालतात आणि दुसरं टोक दाबून तिथं एक बारीक स्क्रू मारतात, न मारला तर ती आपोआप वर येते. इथं स्क्रूच नव्हता. स्क्रूच्या जागी वायरमन वापरतो ती काळी चिकटपट्टी लावलेली. ती उन्हाळ्यात कशी होते माहितीये ना, गोंद वितळून ओघळतो अन् पट्टी सुटते. बाहेर ४३ डिग्री, पत्र्याचं दुकान, आत एसएसडी स्वतः ६५-७० ला तापलेली, पट्टी किती दिवस धरणार? ऑगस्टपासून एप्रिलपर्यंत धरली हेच नवल. पोरानं चिकट गोंद कापसानं पुसला, एका मेलेल्या लॅपटॉपच्या वायफाय कार्डाचा स्क्रू काढला, तांदळाच्या दाण्याएवढाही नसंल, पट्टी दाबून फिरवला, अन् मशीन चालू. सगळ्या पीएसडी जागच्या जागी. पैसे विचारले तर म्हणाला, "काय द्याचे काका, चहा पाजा."

चहा पाजला. शंभर रुपये बळंच खिशात कोंबले. आणि मग दुकानदाराला फोन लावून जे काही बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याचं एकच, "डब्यात स्क्रू आलाच नव्हता दादा, कंपनीकडूनच आला नव्हता." अरे मग सांगायचं ना! ५ रुपयाच्या स्क्रूपायी माझे ३ दिवस गेले, एका गिऱ्हाइकानं ॲडव्हान्स परत मागितला. प्रोसेसर चांगला, आवाज कमी, वीज कमी, सगळं खरं, पण घेताना झाकण उघडून स्क्रू बघितल्याशिवाय बिल देऊ नका.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं, पुढचं दहा दिवसांनी लिहितोय, कारण दोन गोष्टी बदलल्या.

एक म्हणजे त्या पोरानं डबा उघडला तेव्हा मला झाकणाच्या आतल्या बाजूला अडीच इंची ड्राइव्हची रिकामी जागा दिसली. ९ महिने मशीन वापरलं आणि ती जागा माहितीच नव्हती, बेअरबोन घेणाराची ही अवस्था. जुन्या टॉवरमध्ये २४० जीबीची साटा (जुन्या पद्धतीची, केबलवर चालणारी) एसएसडी पडून होती. ती पुसून आत टाकली अन् फोटोशॉपमध्ये स्क्रॅच डिस्क तिच्यावर लावली, हिस्टरी, म्हणजे लक्षात ठेवायच्या स्टेप, ५० च्या २० केल्या. साटा आहे, सेकंदाला ५५० एमबीच्या आसपासच स्पीड, एम.२ च्या पासंगालाही नाही पुरत, तरी ती डबी यायची बंद झाली ती झालीच, आणि सीवर श्वास घ्यायला जागा झाली. रुपया खर्च नाही. त्यामुळं वर मी रॅमवर जेवढा चिडून लिहिलंय तेवढं आता वाटत नाही. एकाच काडीवर चाललंय काम. तीन शीटा उघड्या असल्या की ब्रश जरा मागं मागं येतो, एवढंच, त्यासाठी १३,५०० घालायची माझी तयारी नाही. पण कोणी आज नवीन घेत असंल अन् अल्बमचं काम असंल तर पहिल्या दिवशीच दोन काड्या घ्या, एका १६ पेक्षा दोन ८ सुद्धा ग्राफिक्सला बऱ्या, दोन्ही स्लॉट भरतात हा तोटा सोडला तर. नुसतं टायपिंग, फॉर्म भरणं, सातबारा काढणं एवढंच असंल तर ८ अन् २५६ मध्ये सुखानं राहा, ह्या डब्याच्या नादी लागू नका, एन१०० (इंटेलचा साधा प्रोसेसर) वाला घ्या, स्वस्तात होतो. स्टोरेजचं मात्र माझं मत उलटं झालं. आधी वाटायचं १ टीबीच घ्यायला पाहिजे होती. आता वाटतं एकच मोठी असण्यापेक्षा दोन बारक्या बऱ्या, एक गेली तर दुसरी तरी हातात राहते. ऑगस्टच्या भावानं ५१२ अन् जुनी २४०, मिळून ३,००० मध्ये भागलं.

दुसरी गोष्ट सांगायची का नाही असा विचार करत होतो. परवा साटाची केबल बघायला माळ्यावरून मूळ खोकं काढलं. मॉनिटरच्या पाठीमागं डबा अडकवायची लोखंडी पट्टी असते ना, ती मी कधी वापरलीच नाही, प्लॅस्टिकमध्येच होती. तिच्या खाली एक बोटभर लांबीची पारदर्शक पिशवी. आत २ बारीक स्क्रू.

बायको म्हणाली, "आता करा त्याला फोन." मी केला नाही. माझं म्हणणं अजूनही तेच आहे, त्यानं खोकं नीट बघायला पाहिजे होतं, पैसे त्यानं घेतले, बसवलं त्यानं, चिकटपट्टी त्यानं लावली. एवढं मात्र खरं की कंपनीनं स्क्रू दिलेला होता, म्हणून त्या टोल फ्रीच्या बाईला मनात जे बोललो ते परत घेतो. गाण्याबद्दलचं नाही.

लॅपटॉपचा स्क्रू काढून पोराला परत दिला, पिशवीतला एक लावला. दुसरा गल्ल्यात ठेवलाय, सुट्या नाण्यांच्या खणात, कागदात गुंडाळून.