बँकॉकमध्ये कोणी ‘पॅलेस आज बंद आहे’ म्हणालं तर ऐकू नका

टूरमधला फ्री डे होता. आमच्या भिशीच्या आठ जणींचा बेत ठरलेला: सकाळी ग्रँड पॅलेस, मग वाट फो या देवळातला ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध, था तियन धक्क्यावरून होडीने नदीपलीकडे वाट अरुणचं देऊळ, आणि दुपारी निवांत आंबा घातलेला चिकट भात. यातलं काहीही झालं नाही.

पॅलेसच्या भिंतीपाशी पांढऱ्या शर्टातला, गळ्यात ओळखपत्र घातलेला माणूस आला. ‘नमस्ते, मुंबई?’ आज पूजा आहे, पॅलेस दुपारी एकला उघडेल, तोवर वीस बाटमध्ये टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, फिरवून आणेल म्हणाला. आमच्या नकाशावर त्याने पेनाने तीन गोल केले. आम्ही विश्वास ठेवून टुकटुकमध्ये बसलो आणि फसलो. वीस बाटमध्ये तिथे टुकटुक जागची हलतसुद्धा नाही, हे मात्र लक्षात ठेवा. आणि पॅलेस उघडा आहे की नाही, ते दारावरच्या शिपायालाच विचारा.

पहिला गोल एका लहानशा देवळाचा. तिथे एक सद्गृहस्थ हात जोडून बसले होते. स्वतः शिक्षक आहे म्हणाले. मुलीच्या लग्नासाठी नीलम घेतला, सरकारी सवलतीचा आज शेवटचा दिवस, असं आपणहून सांगू लागले आणि दुकान नेमकं तेच, नकाशावरच्या दुसऱ्या गोलातलं! पाल चुकचुकायला हवी होती ती तिथे. दोन अनोळखी माणसं, दोन ठिकाणी, एकच दुकान. पण चपला काढून मूर्तीसमोर बसलेला माणूस खोटं बोलतोय असा संशय कोणाला येईल? तुम्हाला आला असता?

आपल्याकडे नीलम उशाशी ठेवून, पारखून मग घालतात. त्या दुकानात श्वास घ्यायला वेळ दिला नाही. अंगठी आणि पेंडंटचे मी २२,००० बाट दिले, दोघी मैत्रिणींनी १४,००० आणि ९,५००. माझ्या कार्डावर ५८,१४० रुपये पडले. घरी सराफाने सहा हजारांच्या वर आकडा सांगितला नाही. ‘हाव नडली’ म्हणणाऱ्यांना सांगते, आम्ही नफ्यासाठी नाही, मुलासुनांसाठी घेत होतो.

संध्याकाळी चौकीत गेलो तर दीड तास बाकावर बसवलं. मग उत्तर काय, तर खडा खरा आहे, किंमत तुम्ही मान्य केली, गुन्हा कुठे आहे? कागदावर नोंदसुद्धा केली नाही. टूर कंपनी म्हणते फ्री डेची जबाबदारी आमची नाही. मग त्या दिवसाचे पैसे कशाला घेतले? बँकेत तर तीन टेबलं फिरवलं, आणि शेवटी कोवळ्या वयाचा एक साहेब मला, पासष्टीच्या बाईला, म्हणतो, ‘आजी, पिन तुम्हीच टाकलात ना?’ टाकला! फसवून टाकायला लावला, म्हणून तर आले होते!

दुकानदार वस्तू कुरिअरने घरी पाठवतो म्हणाला तर सरळ उठा, कारण वस्तू हातात नसली की परत करायला जाणार कुठे? पावतीवर खड्याचं वजन आणि प्रत लिहून घ्या. पर्यटक पोलिसांचा ११५५ हा नंबर फोनमध्ये आधीच ठेवा आणि फोन करायचा तो बँकॉक सोडण्याआधी.

आम्ही तिघींनी आपापल्या बँकांना लेखी तक्रार दिली आहे, पोच घेतली आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार.